भाकरीच्या मानकाला संतपूरचा नकार

कडक भाकरीला राष्ट्रीय मानक आहे असं सांगितलं की माणसं आधी हसतात. मग विचारतात, आमच्या घरची भाकरी त्यात बसते का? हे सगळं ठरवलं कोणी, असं मात्र फारसं कोणी विचारत नाही. बिदर भागात त्या मानकाबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: मसुदा तयार होत होता तेव्हा संतपूरच्या बायकांना विचारलं होतं, पण त्या गप्प बसल्या. नंतर धंदा बसला तेव्हा रडायला लागल्या. ही गोष्ट खोटी आहे. त्यांना विचारायला मीच गेलो होतो, म्हणून ती दुरुस्त करणंही माझ्याकडं येतं.

मी बिदरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर बिदरातल्याच मैलूर भागातल्या घरात वर्तमानपत्र वाचणं आणि मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेणं एवढंच काम उरलं होतं. त्या काळात दिल्लीहून एका तरुण अधिकारी बाईंचा फोन आला. ज्वारीच्या कडक भाकरीसाठी मानक करायचं ठरलं होतं. त्यांना ज्वारी कळणारा, प्रयोगशाळा कळणारा आणि मराठी, कन्नड दोन्ही बोलणारा माणूस हवा होता. माझं नाव त्यांना एका जुन्या विद्यार्थ्यानं सुचवलं होतं. समितीच्या त्या सचिव होत्या. मी मसुदा लिहिणाऱ्या छोट्या गटाचा निमंत्रक व्हावं, असं त्यांनी विचारलं.

बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, "भाकरीवर कायदा करायलाव व्हय?"

"कायदा नव्हे. मानक. ज्याला पाळायचं त्यानं पाळायचं."

"मग न पाळनाऱ्याला काय करनार?"

"काही नाही."

"मग कामून करायलाव?"

ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले. तोवर माझी समजूत अशी होती की, दिल्लीत एखादे साहेब बसतात, टाइप करतात आणि खाली सही करतात. प्रत्यक्षात तसं अजिबात नसतं. वस्तू बनवणारे, विकत घेणारे, तपासणारे आणि ग्राहकांच्या वतीनं बोलणारे अशा चार तऱ्हांची माणसं एका समितीत बसवतात. एकाच बाजूची गर्दी होऊ नये म्हणून सचिव डोळ्यांत तेल घालून बघतात. मसुदा लिहायचा, तो आधी समितीत फिरवायचा, मग देशभर, ज्याला वाटेल त्याला वाचायला द्यायचा. सूचना आली तर तिला उत्तर द्यायचं. पटली नाही तर का पटली नाही, तेही लिहायचं. आणि मला सर्वांत नवल वाटलं ते पुढं. हात वर करून, अर्ध्याहून एक जास्त मोजून इथं काही ठरत नाही. कोणाचा तरी ठाम विरोध उरला असेल तर तो मिटेपर्यंत बोलत राहायचं. आयुष्यभर कॉलेजच्या बैठका बघितलेल्या माणसाला हे परीकथेसारखं वाटलं.

कडक भाकरी आमच्याकडं नवी नाही. कन्नड घरात खटक रोट्टी म्हणतात. तव्यावर भाजून झाली की पुन्हा मंद आचेवर वाळवायची, म्हणजे पापडासारखी होते आणि पुष्कळ दिवस टिकते. पूर्वी प्रवासाला निघताना करत. आता बायकांचे गट करतात, कारखाने करतात, आणि ती पुण्या-हैदराबादच्या दुकानांतून मिळते. दुकानदारांची तक्रार होती की, एका पाकिटात कडक निघते, दुसऱ्यात वातड, तिसऱ्यात बुरशी. म्हणून मानकाची मागणी आली होती.

मग आम्ही भाकरी म्हणजे काय ते लिहायला बसलो. हे वाटतं तितकं सोपं नाही. गव्हाचं पीठ मिसळलं तर ती भाकरी का? तीळ लावले तर? मीठ? ओलावा मोजायचा तर कोणत्या पद्धतीनं? धान्याच्या मानकात एक पद्धत होती, बिस्किटांच्या मानकात दुसरी. नव्या मानकानं जुन्याशी भांडण काढायचं नसतं, म्हणून सचिवबाईंनी दोन्ही समित्यांना पत्रं लिहिली की, भाकरी तुमच्यात येते का? धान्यवाले म्हणाले, ती शिजवलेली आहे, आमची नव्हे. बिस्किटवाले म्हणाले, तिच्यात साखर नाही, चरबी नाही, आमची नव्हे. काही महिने भाकरी बिनआईबापाची फिरत होती. शेवटी बिस्किटवाल्यांनी पद्धत दिली, भाकरी मात्र दत्तक घेतली नाही.

त्या पद्धतीनं दोन प्रयोगशाळांत एकाच पाकिटातली भाकरी तपासली तर आकडे जुळेनात. शोधता शोधता कळलं की, एके ठिकाणी भाकरीचा चुरा करून उघड्या भांड्यात ठेवत आणि मग चहाला जात. श्रावणातली हवा. चुरा चहा होईपर्यंत ओलावा पिऊन बसायचा. मसुद्यात मग एक ओळ वाढली: चुरा केल्याबरोबर झाकण लावावं. कुठल्याही मानकातली अशी साधी ओळ वाचली की, तिच्यामागं कोण चहाला गेलं होतं, असा विचार आता माझ्या मनात येतो.

मोडण्याची चाचणी आमच्या घरी झाली. भाकऱ्यांची चवड टेबलावरून खाली टाकायची आणि किती तुकडे होतात ते बघायचं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"दिल्लीवाले ह्याचा पगार देतेत का?"

"नाही. मानद काम आहे."

"म्हंजे फुकट फोडायलाव."

आमच्या गटात बनवणाऱ्यांच्या वतीनं कलबुर्गीचे एक कारखानदार होते. यंत्रावर दाबून पातळ भाकरी करत. तोंडानं फटकळ, मनानं साफ माणूस. त्यांचं म्हणणं असं की, बुरशीचं मूळ जाडीत आहे. जाड भाकरी बाहेरून वाळते, आत ओली राहते, म्हणून जाडीला कमाल मर्यादा घाला. सचिवबाईंनी हळूच आठवण करून दिली की, शक्य तिथं वस्तू कशी वागली पाहिजे ते लिहायचं असतं, ती कशी बनवायची ते नव्हे. ओलाव्याची मर्यादा घातली की पुरे. जाड भाकरी नीट वाळवून कोणी ती गाठली तर आपल्याला काय? हा विचार मला फार आवडला होता. कारखानदार म्हणाले, "मॅडम, ओलावा मोजायचं यंत्र कुठल्या किराणा दुकानात हाय? जाडी कोन बी मोजतंय." हेही खोटं नव्हतं. मी मध्ये काही बोललो नाही, आणि जाडीचं कलम मसुद्यात राहिलं.

मसुदा देशभर फिरवायची वेळ आली तेव्हा सचिवबाई म्हणाल्या, छोटे गट संकेतस्थळावर जाऊन वाचणार नाहीत. तुम्ही त्या भागातले आहात, प्रत्यक्ष जाऊन वाचून दाखवा. म्हणून मी संतपूरला गेलो. तिथल्या बायकांच्या गटाची भाकरी हुलसूरच्या एका व्यापाऱ्यामार्फत उदगीर, लातूर आणि पुढं पुण्यापर्यंत जात होती. हातावर थापलेली, चांगली जाड. वसतिगृहातली मुलं ती आमटीत कुस्करून खात. खोक्यात घालून बसच्या टपावर टाकली तरी मोडत नसे, म्हणून व्यापारीही खूश होता. गट चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण मीही अक्काच म्हणायचो.

गावच्या समाजमंदिरात सतरंजी घातली होती. तुरीचं काम असूनही बऱ्याच बायका आल्या होत्या. मी कलमं एकेक करून मराठीत सांगितली, अडलं तिथं कन्नडात. जाडीचं कलम समजावं म्हणून पत्र्याला फट पाडून आणली होती: भाकरी त्या फटीतून गेली तर बसते, नाही तर नाही. त्यांचीच एक भाकरी मागून घेतली आणि फटीला लावली. ती गेली नाही. थोडी फिरवून लावली. तरी गेली नाही.

अक्कांनी माझ्या हातातून भाकरी घेतली आणि फडक्याखाली ठेवली.

"चा घ्या सर."

चहा झाला. मी विचारलं, "काही हरकत असेल तर सांगा. मला तुमचं म्हणणं वर कळवायचं आहे."

"बघू की," अक्का म्हणाल्या. "तुमी शिकलेली मानसं. केलंय म्हंजे इचार करूनच केलं आसंल."

"जाडीचं चालेल का?"

"आनिक चा घ्या."

निघताना त्यांनी माझ्या हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा दिला. आत भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला हा नुसता पाहुणचार वाटेल. आमच्या घरांत स्थळ बघायला आलेल्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. पसंत असेल तर लगेच बोलणी सुरू होतात, आवाज चढतात, मानपानावर वाद होतो. पसंत नसेल तर सगळे मऊ बोलतात, 'बघू की' म्हणतात, आणि पाहुण्याला रिकाम्या हातानं धाडायला नको म्हणून काहीतरी बांधून देतात. पाहुणा समजतो आणि पुन्हा विचारत नाही. माझ्या थोरल्या भावासाठी आम्ही स्थळं बघत फिरलो तेव्हा अशी गाठोडी मी स्वतः वाहून आणली आहेत.

घरी बायकोनं फडकं सोडलं, डब्यात बघितलं आणि म्हणाली, "न्हाई म्हनले वाटतं."

"काही बोलल्या नाहीत."

"बोलून कोन सांगतंय?"

ती चटणी आम्ही दोघांनी जेवताना खाल्ली. छान होती. डबा मी घासून संतपूरवरून जाणाऱ्या औरादच्या बसमधल्या कंडक्टरच्या हाती परत पाठवला.

नंतर समितीची बैठक झाली, प्रत्येक जण आपापल्या संगणकासमोर. देशभरातून आलेल्या सूचना एकेक करून झाल्या. गुजरातच्या कोणीतरी बाजरीबद्दल विचारलं होतं, त्यांना उत्तर दिलं. एका ग्राहक संस्थेनं पाकिटावरचा मजकूर मोठ्या अक्षरात हवा म्हटलं होतं, ते मान्य झालं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, त्या भागातल्या छोट्या गटांचं काय? जाडीबद्दल त्यांचं काही म्हणणं होतं का?

"काही हरकत आली नाही," मी म्हणालो.

ह्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मानक पुरं व्हायची वाट बघून सगळे थकले होते, मीही थकलो होतो. मानकाच्या शेवटी समितीतल्या माणसांची नावं छापतात आणि त्यात माझं येणार होतं, हेही माझ्या मनात होतं. शेवटचा विरोध मिटेपर्यंत बोलत राहण्याची जी पद्धत मला परीकथेसारखी वाटली होती, तिच्यातला एक विरोध मी माझ्या हातानं पुसला. बैठक वेळेआधी संपली. सचिवबाईंनी आभार मानले.

मानक छापून आलं. ऐच्छिकच होतं. पण ऐच्छिक म्हणजे काय हे तेव्हा मला खरं कळलं. सरकार कोणाला काही म्हणालं नाही. एका मोठ्या दुकानवाल्यानं व्यापाऱ्याला म्हटलं, मानकातली भाकरी द्या. मग दुसऱ्यानं म्हटलं. मग वसतिगृहाच्या खरेदीच्या अटींत ते आलं, कारण अटी लिहिणाऱ्या कारकुनालाही स्वतः विचार करण्यापेक्षा छापलेलं दाखवणं बरं वाटतं. कोणीच सक्ती केली नाही आणि रस्ता बंद झाला. बायकोच्या 'कामून करायलाव' ह्या प्रश्नाचं हेच उत्तर होतं, आणि त्याला चांगली बाजूही होती. बुरशीच्या तक्रारी खरोखर कमी झाल्या, कलबुर्गीचे कारखाने वाढले. पण हुलसूरच्या व्यापाऱ्यानं संतपूरचा माल थांबवला. "अक्का, माल तुमचा चोख हाय," तो म्हणाला, "पर घेनारा फटीतून घालून बघायलाय." त्या बायकांनी पातळ थापून पाहिली. हातावरची पातळ भाकरी बसमध्ये तुकडे होऊन पोचायची. गटातल्या निम्म्या बायका पुन्हा मजुरीला गेल्या.

त्यानंतर बिदरात बचत गटांचा मेळावा झाला. मला व्यासपीठावर बसवलं होतं, मानक करणारे सर म्हणून. अक्कांनी उभं राहून विचारलं की, आमच्या भाकरीत काय खोट आहे? एका अधिकाऱ्यानं उत्तर दिलं, "तुम्हाला विचारलं होतं ना? तेव्हा गप्प बसलात. आता बोलून काय उपयोग?" सभेत हसू फुटलं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. माईक माझ्या हाताला लागेल इतका जवळ होता. अक्का खाली बसल्या. संतपूरच्या बायका गप्प बसल्या, ही गोष्ट त्या दिवसापासून फिरायला लागली, आणि मी ती फिरू दिली.

मानक काही वर्षांनी पुन्हा तपासायला घेतात. जसंच्या तसं ठेवायचं, बदलायचं की काढून टाकायचं, हे समितीला ठरवावं लागतं. त्यासाठी सचिवबाईंचा फोन आला. काही बदल सुचवायचे आहेत का? मी त्यांना संतपूरचं सगळं सांगितलं, डब्यासकट.

मला वाटलं, त्या रागावतील. पण त्या म्हणाल्या, "सर, मुदतीत उत्तर आलं नाही तर आम्ही संमती धरतो. नाही तर कुठलंच मानक पुरं होणार नाही. पण समोर बसून नाही म्हणाले आणि आपल्याला ऐकू आलं नाही, असं आणखी किती ठिकाणी झालं असेल?"

"मला ऐकू आलं होतं," मी म्हणालो.

"हो, ते समजलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी माझ्यासारख्या बाहेरच्या माणसानं विचारायचं कसं, ते सांगा."

ह्या प्रश्नानं माझा पिच्छा पुरवला. बोचणी होतीच, पण तिच्या बरोबरीनं कुतूहलही जागं झालं. मी लोकांना विचारत सुटलो. शेजारचे कन्नड मास्तर म्हणाले, आम्ही 'नोडोण' म्हणतो, आणि ते म्हटलं की विषय संपला. औरादकडच्या तेलुगू बोलणाऱ्या खतवाल्यानं सांगितलं, आमचं 'चूद्दाम'. बाजारातला घड्याळवाला हसून म्हणाला, "चाचा, हम 'देखेंगे' बोले तो समझो नको बोले." चार भाषांत सगळे बघूच म्हणत होते आणि कोणीच बघणार नव्हतं. मग कोणाचा खरा विचार कधी ऐकू येतो? घड्याळवाला म्हणाला, दुसऱ्याच्या घरचं विचारा, स्वतःचं कोणी तोंडावर सांगत नाही.

मी पुन्हा संतपूरला गेलो. गुडघे दुखत होते, समाजमंदिराच्या पायऱ्यांवर अक्कांनीच हात दिला.

"या सर. आता कशाची जाडी मोजायलाव?"

बायका हसल्या. मी बसलो आणि आधी जे बोलायचं होतं ते बोललो. तुम्ही नाही म्हणाला होतात, मला कळलं होतं, आणि मी वर हरकत नाही म्हणून सांगितलं.

"ठाव हाय आमाला," अक्का म्हणाल्या.

"कसं?"

"डबा कंडक्टरच्या हातानं धाडलाव. सवता आला न्हाईत, तोंड चुकवलाव. तवाच कळालं."

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "सरानं चटनी मात्र खाल्ली." पुन्हा हसू. मला हसता आलं नाही.

मी म्हणालो, मानक पुन्हा उघडलं आहे, ह्या वेळी मला तुमचं म्हणणं हवं. लगेच सगळ्या मऊ झाल्या. बघू की सर, तुम्ही बघून करा. कोणीतरी चहा ठेवायला उठलं. मला घड्याळवाल्याचं बोलणं आठवलं आणि मी घाईनं विचारलं, "अक्का, हे कलम तुमच्या सुनेला सांगाल का? फटीतून जाईल अशी भाकरी कर म्हणून?"

"माझी सून?" अक्का म्हणाल्या. "तिला सांगून बघा तुमी. हातात मोडली की नवऱ्याच्या ताटात तुकडे वाढती आन म्हनती सासूनं सांगितलंय."

"माझीची तर गोलच व्हत न्हाई," दुसरी म्हणाली, "जाडी कुठली मोजायलाव."

"फटीतून जाती ती भाकरी हाय की पापड हाय? पापड म्हनून इका की."

"आन त्यो पत्रा कुनाच्या घरी ठिवायचा? रोज परतेक भाकरी घालून बघत बसलं तर चूल कोन बघंल?"

मग थांबेचनात. मी लिहीत गेलो. त्यात सगळं बरोबर होतं असं नाही. एकीचं म्हणणं होतं की, यंत्राची भाकरी खाऊन केस गळतात. पण जाडीबद्दलचं म्हणणं पक्कं होतं: भाकरी वाळलेली आणि न मोडणारी हवी, एवढंच बघा, ती किती जाड आहे ते आमच्यावर सोडा. सचिवबाईंनी अगदी सुरुवातीला सांगितलेलंच तत्त्व, सुनांना शिव्या देत देत आलेलं. आणखीही एक गोष्ट आली. पावसाळ्यात ओलाव्याची मर्यादा आम्हाला जमणार नाही, त्या दिवसांत सूट द्या, असं अक्का म्हणाल्या. ते मी लिहून घेतलं, पण मनात शंका धरून. बुरशी पावसाळ्यातच येते.

पुढच्या बैठकीला मी अक्कांना आमच्या मैलूरच्या घरी बोलावलं आणि संगणकासमोर शेजारी बसवलं. बायको पाठीमागं खुर्ची घेऊन बसली, हे नियमात बसतं की नाही, मी विचारलं नाही. जाडीच्या कलमाचा विषय निघाला. मी संतपूरचं म्हणणं वाचलं. कलबुर्गीच्या कारखानदारांनी पुष्कळ वाद घातला, पण शेवटी म्हणाले, ओलाव्याचं कलम राहणार असेल तर जाडी काढायला माझी ना नाही. आता ओलावा मोजायची लहान यंत्रंही मिळायला लागली होती. अध्यक्षांनी विचारलं, "मग ओलाव्याची मर्यादा बाराही महिने तीच. संतपूरच्या प्रतिनिधींना मान्य?"

मी अक्कांना मराठीत सांगितलं.

"बघू की," अक्का म्हणाल्या.

"लेट अस सी," कोणीतरी भाषांतर केलं. अध्यक्ष म्हणाले, "छान. म्हणजे हरकत नाही."

"हरकत आहे," मी म्हणालो. "आमच्याकडं बघू म्हणजे नाही. मागच्या वेळी जाडीच्या कलमाला त्यांनी मला हेच उत्तर दिलं होतं. मला ते समजलं होतं, तरी हरकत आली नाही असं मी ह्या समितीला सांगितलं. त्या गप्प बसल्या असं बिदरात बोललं जातं. त्या गप्प नव्हत्या. हे इतिवृत्तात घ्या."

पडद्यावरच्या चौकटींत सगळे आपापल्या टेबलाकडं बघत होते. मग कलबुर्गीचे कारखानदार खाकरले.

"सर, ते मला बी कळालं असतं," ते म्हणाले. "मी बी ह्याच भागातला हाय की. डबा दिला का म्हनून मी इचारलं न्हाई, कारन मला उत्तर नको व्हतं."

सचिवबाई लिहीत होत्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं, मग ओलाव्याचं काय?

हे सर्वांत अवघड होतं. अक्का माझ्याकडं बघत होत्या. आता सर आपल्या बाजूनं बोलणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्यांनी तशी अपेक्षा करायला मीच कारण होतो. मी म्हणालो, "अक्का, ह्यात मी तुमच्या बाजूनं नाही. पावसाळ्यात सूट दिली तर पुन्हा बुरशी येईल, आणि मग सगळे म्हणतील, जाड भाकरीच वाईट."

"मंग आमी आखाडात चूल बंद ठिवावी व्हय?" त्या एकदम म्हणाल्या. भाषांतराची गरज पडली नाही. "तुमाला बसून बोलायला काय जातंय? लाकडं ओली आसतेत, ऊन न्हाई, वाळवायची कशावर? न्हाई म्हंजे न्हाई. लिवा तिथं. संतपूर न्हाई म्हनलं."

"लिहिलं," सचिवबाई म्हणाल्या, आणि मला वाटतं त्या हसल्या.

जाडीचं कलम गेलं. ओलाव्याचं कलम ठरलं नाही. येत्या पावसाळ्यात संतपूरच्या भाकऱ्या दोन प्रयोगशाळांत तपासायच्या, आणि त्या बघणाऱ्या गटात अक्कांनी सदस्य म्हणून बसायचं, असं ठरलं. सुधारलेला मसुदा पुन्हा देशभर फिरतो आहे. हुलसूरचा व्यापारी म्हणतो, छापून हातात आलं की माल उचलतो. म्हणजे अजून उचललेला नाही. मजुरीला गेलेल्या बायका परत आलेल्या नाहीत, आणि सगळ्या येतील असंही नाही.

त्या दिवशी मी अक्कांना रिक्षातून बसस्टँडवर सोडायला गेलो. मैलूरपासून स्टँडपर्यंत त्या ओलाव्यावर भांडत होत्या. मी विजेच्या वाळवणीयंत्राचं सुचवलं. त्या म्हणाल्या, "करंट येतंय कवा? न्हाई, ते नको." मी म्हणालो, गटात तीन-चार घरांनी मिळून एक घ्या. त्या म्हणाल्या, "न्हाई, जमत न्हाई, कुनाच्या घरी ठिवायचं त्याच्यावरच भांडनं व्हतेत." मी म्हणालो, समाजमंदिरात ठेवा. त्यावर थोडा विचार करून म्हणाल्या, "तिथं ठिवलं तर पंचायतवाले आपल्या पापडाला वापरतेत." औरादची बस लागली होती. खिडकीजवळ बसल्यावर त्यांनी मान बाहेर काढून विचारलं, त्या यंत्रात एका वेळी किती भाकऱ्या मावतात? मला माहीत नव्हतं. बघून सांगतो, असं म्हणणार होतो. थांबलो आणि म्हणालो, "माहीत नाही अक्का. उद्या दुकानात जाऊन विचारतो आणि फोन करतो."

दुसऱ्या दिवशी गेलो. दुकानदारालाही माहीत नव्हतं, त्यात भाकरी घालून कोणी बघितलीच नव्हती. मी तसं अक्कांना फोन करून सांगितलं.